मुलांसोबत निवासी संगीत शिबिराला जाताना: तयारीपासून परतल्यानंतरच्या पंधरवड्यापर्यंत

पहिल्यांदा गेलो तेव्हा लेक सात वर्षांची होती. माझा हिशेब साधा होता: तिला सकाळी वर्गात सोडायचं, दिवसभर वाचत पडायचं, संध्याकाळी मैफल ऐकायची. दुसऱ्याच दिवशी व्हायोलिनच्या शिक्षिकेने गज माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धरा." मी धरला. मुलं खुदखुदली. पाच मिनिटांत अंगठा ठणकायला लागला. घरी रोज ज्या सुरात मी "अंगठा वाकव, किती वेळा सांगायचं!" म्हणायचो, तो सूर तिथेच बसला.

त्यानंतर आणखी चार उन्हाळे आम्ही अशी शिबिरं केली. आठ-दहा दिवसांत मूल वाद्य शिकून येत नाही, तेवढ्या दिवसांत कोणीच शिकत नाही. घरातला रियाज कसा चालवायचा, हे मात्र आख्खं घर शिकू शकतं. शिबिर निवडताना, बॅग भरताना, वर्गात बसताना आणि परतल्यावर मी याच एका गोष्टीकडे बघतो, आणि खालचं सगळं त्याच नजरेने लिहिलं आहे.

आधी प्रकार ओळखा

उन्हाळी निवासी संगीत शिबिरांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात मूल एकटं जातं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इंटरलॉकनला १९२८ मध्ये शालेय वादकांसाठी सुरू झालेलं शिबिर हे याचं जुनं आणि नावाजलेलं उदाहरण. तिथे भर असतो तो वाद्यवृंदावर, समवयस्कांसोबत वाजवण्यावर. मोठ्या, स्वतःचा रियाज स्वतः सांभाळणाऱ्या मुलांना हा प्रकार मानवतो.

दुसऱ्यात आई किंवा वडील सोबत राहतात आणि वर्गातही बसतात. याचं मूळ जपानच्या शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांच्या विचारात आहे. मूल मातृभाषा जशी ऐकून, घरच्यांच्या तोंडून उचलतं, तसंच संगीतही उचलतं, असं ते मानत. म्हणून त्यांच्या पद्धतीत आधी पालक वाद्य हातात घेतो, मूल नुसतं बघतं आणि बघता बघता त्यालाच हाव सुटते. जपानात त्यांची उन्हाळी शाळा १९५१ पासून भरायला लागली. अमेरिकेत तसं पहिलं शिबिर १९७१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या स्टीव्हन्स पॉइंटला झालं. आज गाणं, पियानो, बासरी, तबला अशा अनेक अंगांची कुटुंब-शिबिरं याच सांगाड्यावर चालतात, सुझुकींचं नाव न घेताही. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पायरी १: निवड करताना काय विचारायचं

माहितीपत्रकावर समारोपाच्या कार्यक्रमाचे झगझगीत फोटो असतात. ते बाजूला ठेवा आणि रोजचं वेळापत्रक मागवून घ्या. त्यात मी पहिल्यांदा शोधतो तो छोट्या गटाचा वर्ग. तीन-चार मुलं, एक तास, प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटं आणि उरलेला वेळ इतरांचं बघायचं, ही मांडणी उत्तम. एका तासात दहा मुलं कोंबली असतील तर शिक्षक फक्त हजेरी घेऊ शकतो. शिक्षक आठवडाभर एकच राहणार की रोज बदलणार, हेही विचारा. एकच राहिला तर सोमवारी सांगितलेलं गुरुवारी तपासलं जातं.

मग पुढचे प्रश्न. पालकांना वर्गात बसू देतात का, की दाराबाहेर ठेवतात? रियाजाला खोल्या किती आणि त्या राहायच्या जागेपासून किती लांब? चाळीस मुलं आणि सहा खोल्या असं असेल तर दुपार रांगेत जाते. पियानो शिकणाऱ्या मुलाला ८८ पट्ट्यांचा आणि पट्टीला वजन असलेला कीबोर्ड तरी मिळणार का? सामूहिक गायनाची पट्टी, म्हणजे सगळे ज्या स्वराला ‘सा’ धरतात तो स्वर, कोणती, काळी एक की पांढरी चार? तबला किंवा बासरी घेऊन जाणाऱ्यांसाठी हा प्रश्न फार मोलाचा, कारण चुकीच्या पट्टीचा तबला तिथे बदलून मिळेलच असं नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंद असेल तर जुळवणीचा स्वर ४४० हर्ट्झ की ४४२, हे मोठ्या मुलांच्या पालकांनी विचारून ठेवावं.

सुरक्षिततेबद्दल भीड ठेवू नका. शिक्षक आणि मूल बंद खोलीत एकटे राहतात का, खोल्यांच्या दारांना काच आहे का, रात्री इमारतीत जबाबदार माणूस कोण, मूल कोणाच्या हाती सोपवायचं याची लेखी नोंद असते का. हे प्रश्न ऐकून आयोजकांच्या कपाळावर आठी पडली, तर मी तिथे नाव घालत नाही.

वयाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. वाद्य हाती येऊन निदान वर्ष झालेलं आणि सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल असेल तरच पूर्ण शिबिर करावं. त्याहून लहानांना दोन-तीन दिवसांचं पुरे.

पायरी २: आधीचे सहा आठवडे

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे शिबिरासाठी नवीन, अवघड रचना तयार करणं. मूल कठीण जागा सांभाळण्यातच गुंतलेलं असतं. मग शिक्षक खांदा, श्वास, नाद यांबद्दल काही सांगायला गेला की त्याच्या डोक्यात जागाच उरत नाही. हातात पूर्ण बसलेली, झोपेतून उठवलं तरी येईल अशी रचना न्या. मुलगी नाक मुरडेल, "ही तर मला येते!" म्हणेल. म्हणू द्या. येते म्हणूनच तर ती उकलून बघता येते.

घरच्या शिक्षकांकडून चार ओळींची चिठ्ठी घ्या: सध्या काय चालू आहे, काय बदलू नये, कशाला हात घातलेला चालेल. ही चिठ्ठी पुढे परतल्यावरचे निम्मे वाद टाळते.

समूहात वाजवायच्या रचनांची यादी आधी मिळत असेल तर त्यांची रेकॉर्डिंगं रोज घरात वाजत ठेवा. मुद्दाम ऐकायला बसवू नका, खेळताना, आवरताना कानावर पडू द्या.

आता अंगमेहनतीचा भाग. घरी रोज वीस मिनिटं वाजवणारं मूल तिथे दिवसाला तीन-चार तास वाद्य हातात धरतं. ही उडी एकदम मारली की दुसऱ्या दिवशी मान आणि मनगट बोलायला लागतात. म्हणून या सहा आठवड्यांत दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवत न्या, तेही सकाळ-संध्याकाळ तुकडे करून.

वाद्याचं मापही याच वेळी तपासा. व्हायोलिन अगदी छोट्या १/३२ पासून ४/४ म्हणजे पूर्ण मापापर्यंत येतं. साधी चाचणी: वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात लांब केला की कोपर किंचित वाकलेला ठेवूनही बोटं टोकाच्या वळणाभोवती आरामात वळायला हवीत. कपडे वाढत्या अंगाचे घेतात, वाद्य घेऊ नये. मोठ्या व्हायोलिनवर खांदा उचलायची सवय लागली की ती मोडायला वाद्य लहान करून भागत नाही. नवीन तारा घालायच्या असतील तर निघण्याआधी निदान दोन आठवडे घाला. नवी तार ताणली जात राहते आणि सारखी उतरते.

पायरी ३: बॅग

कपड्यांची यादी तुम्हाला येतेच. विसरल्या जाणाऱ्या गोष्टी या: तारांचा एक जादा संच, गजाला घासायची राळ, मऊ फडकं, ट्यूनर, तबल्यासाठी हातोडी आणि बोटांना लावायची पावडर, नेलकटर (वाढलेली नखं तारेवरही नडतात आणि तबल्याच्या चाटेवर, म्हणजे कडेवरही), पेन्सिली आणि खोडरबर, दाट पानांची वही. सेलो किंवा गिटार वाजवणाऱ्या लहानग्यासाठी पाय टेकायला छोटा पाट. पाय हवेत लोंबकळत असतील तर पाठ ताठ राहत नाही, मग कितीही ओरडा. प्रत्येक पेटीवर नाव आणि ठळक रंगाची फीत लावा. व्हरांड्यात एका रांगेत पंचवीस काळ्या पेट्या ठेवल्या की आपली कुठली, हे मालकालाही ओळखू येत नाही.

प्रवासात वाद्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. अर्ध्या तासासाठीही नको. बऱ्याच तंतुवाद्यांचे जोड सरसाने चिकटवलेले असतात आणि उष्णतेने तो सैल पडतो. हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. वाटेत जेवायला थांबलो, परत येऊन पेटी उघडली तर व्हायोलिनच्या कडेला नख जाईल एवढी फट पडलेली. शिबिराचा पहिला दिवस उसन्या वाद्यावर गेला, आणि ते तिच्या हाताला मोठं होतं. लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. पेटीत छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवला तर अंदाज येतो. दमट हवेत तबल्याचा सूर उतरतो, कोरड्या हवेत चढतो, त्यामुळे सकाळी लावलेला तबला दुपारी पुन्हा लावायची तयारी ठेवा.

पायरी ४: दिवसाचा ताल

सकाळी समूहगायन किंवा वाद्यवृंद, मग छोट्या गटाचा वर्ग, मग स्वरलेखन किंवा लय अंगात मुरवायचा तास. हा शेवटचा तास पालकांना पोरखेळ वाटतो: मुलं टाळ्या देत चालतात, थांबतात, चेंडू फेकतात. स्विस संगीतकार एमिल जाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी लय आधी शरीरात आणि मग बोटांत उतरवायची ही पद्धत रुजवली. तो तास बुडवू नका. तालात अडखळणाऱ्या मुलाला तिथे जे सापडतं, ते मेट्रोनोमच्या टकटकीत सापडत नाही.

जेवणानंतर तासभर खोलीत शांतता हवी. झोप आली नाही तरी आडवं पडायचं. रात्रीच्या झोपेवर तर अजिबात तडजोड नको: सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि किशोरवयीनांना ८ ते १० तास झोप लागते. दिवसभर हातांनी गिरवलेलं झोपेत पक्कं होतं. रात्री अडलेली जागा सकाळी आपोआप सुटलेली तुम्हीही पाहिली असेल. रात्रीची मैफल लांबली तर मी मध्यंतरात मुलीला घेऊन सरळ निघतो. कलाकाराचा अपमान वगैरे काही होत नाही.

कानांचाही विचार करा. कामाच्या ठिकाणी मोठ्यांसाठी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तासच. लहान खोलीत तीन ट्रम्पेट किंवा ढोल एकत्र वाजले की हा आकडा सहज ओलांडला जातो. मुलांच्या बाबतीत आणखी सावध राहावं. खोली बदलून मागा, दार उघडं ठेवा, मोठ्या वाद्यांच्या पुढ्यात बसलेल्या मुलाला कानातले बोळे द्या.

तिसऱ्या दिवशी रड येते. जवळजवळ प्रत्येक मुलाला, आणि काही वडिलांनाही. नवेपणा सरलेला असतो, थकवा चढलेला असतो, शेजारचा मुलगा जास्त चांगला वाजवतो हे एव्हाना कळलेलं असतं. त्या दिवशी एखादा मोठ्या गटाचा तास सोडून द्या. छोटा वर्ग आणि संध्याकाळचा खेळ मात्र कापू नका.

पायरी ५: वर्गात पालकाने काय करायचं

गप्प बसायचं. शिक्षकाने मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण द्यायचं नाही, भुवया उंचावून खुणा करायच्या नाहीत, फोन वर धरायचा नाही. चित्रीकरण हवं असेल तर आधी विचारा. बरेच शिक्षक शेवटची पाच मिनिटं करू देतात आणि तेवढी पुरतात.

आणि लिहायचं. पहिल्या वर्षी मी अधाशासारखं लिहिलं: "करंगळी वाकडी. कोपर खाली. गज सरळ. मान सैल." खोलीत येऊन वाचलं तर ती घरच्या ओरडण्याचीच यादी होती. वही वाया.

दुसऱ्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. एका मुलाची करंगळी गजावर काठीसारखी ताठ राहायची. शिक्षिकेने करंगळीचं नावच काढलं नाही. त्याला गज उभा धरायला सांगितला, टोक छताकडे. मग म्हणाल्या, "आता झाड हळूहळू आडवं पडतंय. कुठलं बोट त्याला धरून ठेवतंय, सांग." गज निम्म्यावर आला आणि मुलगा म्हणाला, "हे! हे जड झालं." करंगळी आपोआप गोल झाली होती, कारण ताठ ठेवून तो भार पेलताच येत नाही. असं चार वेळा केलं, मग तारेवर गज ठेवून एकच लांब स्वर काढला. सगळं मिळून सहा मिनिटं.

त्या रात्री मी वहीचं पान उभं तीन भागांत दुमडलं. पहिल्या भागात शिक्षकाचे शब्द, जसेच्या तसे ("झाड आडवं पडतंय"). दुसऱ्यात प्रत्यक्ष काय केलं आणि किती वेळा. तिसऱ्यात, घरी जमलं हे कशावरून ओळखायचं: इथे "मूल स्वतः सांगतं की जड कुठे लागतंय." तिसरा रकाना भरता येत नसेल तर आपल्याला कळलेलं नाही असं समजा आणि वर्ग संपल्यावर विचारा. दिवसाला चार-पाच नोंदी पुरतात.

हा प्रसंग दुसऱ्याच्या मुलाचा होता, हेही लक्षात घ्या. आपल्या मुलाची पाळी संपली की फोनमध्ये डोकं घालणारे पालक निम्मा वर्ग गमावतात. आपलं मूल वाजवत असताना आपल्या पोटात गोळा असतो, काही दिसत नाही. दुसऱ्याचं वाजवताना स्वच्छ दिसतं.

पायरी ६: दुपारचा रियाज

वीस मिनिटं, दहा-दहाचे दोन तुकडे करून. सकाळच्या वर्गातली एकच गोष्ट घ्यायची. रचनेतली चारच मापं (तालाचे ठरावीक तुकडे) किंवा एकच ओळ, तीही निम्म्या लयीत. आमच्याकडे पाच खडे असतात: एकदा नीट वाजलं की एक खडा उजवीकडून डावीकडे. चुकलं तर सगळे खडे परत, असा कडक नियम काही जण ठेवतात. मला तो पटत नाही. चौथ्या खड्याला मुलाचा हात भीतीने आवळतो आणि तो आवळलेला हातच गिरवला जातो. चुकलं तर खडा जागेवर राहतो, इतकंच.

दुखलं की थांबा. ताण आल्यासारखं वाटणं वेगळं. टोचणं, मुंग्या येणं, बधिर होणं यांवर वाजवत राहायचं नाही. गाणाऱ्या मुलांच्या बाबतीत गळा बहुधा वर्गात बसत नाही, मैदानावर बसतो. खेळताना किंचाळून आवाज घोगरा झाला असेल तर दुसऱ्या दिवशी समूहात बसून फक्त ऐकायचं. कुजबुजत बोलणं म्हणजे गळ्याला विश्रांती, असं समजू नका. पाणी आणि मौन, दोन्ही साधे उपाय आहेत.

पायरी ७: भावंडं आणि दुसरा पालक

वाद्य न शिकणारं भावंड सोबत असेल तर त्याच्यासाठी दिवसातला एक तास पूर्ण राखून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी ते गजावरच बसेल. दोघं पालक आले असतील तर रियाजाला आणि वर्गाला एकानेच बसावं. एका गोष्टीच्या दोन सूचना दोन दिशांनी आल्या की मूल दोन्ही कान बंद करतं. दुसऱ्याने पालकांच्या गायनवृंदात जावं. सूर लागत नसला तरी जावं. चुकीचा सूर लावून चारचौघांत उभं राहणं कसं असतं, हे घरात एकाला तरी ठाऊक असलेलं बरं.

पायरी ८: समारोप

सोपी रचना. घालून बघितलेले, हात मोकळे राहतील असे कपडे. त्या रात्री चूक या विषयावर एक अक्षरही बोलायचं नाही, शाबासकीच्या आडूनही नाही.

पायरी ९: परतल्यावर

एक दिवस पूर्ण सुट्टी. मग रियाज जुन्याच वेळेवर आणि जुन्याच लांबीचा, फार तर पाच मिनिटं जास्त. तिथे चार तास वाजवत होतीस मग इथे का नाही, हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. तिथे चार तास वाजवत होता तो समूह.

घरच्या शिक्षकांकडे जाताना "तिथल्या मॅडम वेगळं सांगतात" अशी सुरुवात करू नका. वही पुढे ठेवा आणि विचारा, यातलं आता काय घेऊ या? दोन मतं आली तर घरच्या शिक्षकाचं धरा, कारण वर्षभर तेच ऐकणार आहेत. मग वहीतल्या सगळ्या नोंदींमधून फक्त दोन निवडा आणि पंधरा दिवस त्या दोनच.

समूहात वाजवायची चटक मात्र घरी एकट्याने भागत नाही. शिबिरात जुळलेलं एखादं कुटुंब जवळपास असेल तर पंधरवड्यातून एकदा भेटून तिथल्याच रचना एकत्र वाजवा. शिकवणं नको, दुरुस्त्या नकोत. नुसतं वाजवायचं आणि मुलांना खेळायला सोडायचं.

महिन्याने वही पुन्हा उघडा आणि जमलेल्या नोंदींवर काट मारा. उरलेल्या नोंदी घरच्या शिक्षकांना दाखवा. दुसऱ्या वर्षीच्या वहीत माझ्या एकेचाळीस नोंदी होत्या आणि महिन्याभरात काट बसली ती दोनांवर. त्यातली एक अंगठ्याची होती. लेकीच्या, माझा अजून ठणकतो.